हाताच्या उपचारात रुग्णाचं म्हणणं मोजायचं कसं? फॉर्म निवडण्यापासून उपचार बदलण्यापर्यंत

मनगटाचं हाड मोडलेल्या बाईंचं प्लास्टर निघून दोन-अडीच महिने झाले. गोनिओमीटरवर मनगट ६० अंश मागे वळतंय, डायनॅमोमीटरवर पकड दुसऱ्या हाताच्या पाऊणपट भरतेय, एक्स-रे बघून सर्जन समाधानी आहेत. बाई मात्र म्हणतात, "तसं बरंय, पण कुकरचं झाकण अजून सूनच लावते." अंश आणि किलो खोटे नाहीत, बाईही खोटं बोलत नाहीत. आपण तीन गोष्टी मोजल्या आणि चौथी मोजायची राहिली, एवढंच.

ही चौथी गोष्ट मोजण्यासाठी तयार केलेल्या प्रश्नावल्यांना व्यवसायात 'प्रॉम' म्हणतात. उत्तर रुग्ण स्वतः देतो, मध्ये थेरपिस्टचा अर्थ येत नाही. आपल्याकडे या फॉर्मचं नशीब बहुतेक वेळा ठरलेलं असतं. विद्यार्थी प्रबंधासाठी भरून घेतो, गुण काढतो, तक्ता करतो आणि फाइल बंद होते. रुग्णाच्या उपचारात त्यामुळे काडीचाही फरक पडत नाही. माझं मत स्पष्ट आहे : जो फॉर्म पाहून पुढच्या भेटीत तुम्ही काहीच वेगळं करणार नसाल, तो रुग्णाकडून भरून घेऊ नका. पुढचा सगळा लेख हे गृहीत धरून लिहिला आहे. तो हातावर काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्टसाठी आहे. हॅंड सर्जरीचे निवासी डॉक्टरही वाचू शकतात.

आधी प्रश्न ठरवा

'कोणता फॉर्म चांगला?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'मला काय ठरवायचं आहे?' याला आहे. ठरवायच्या गोष्टी साधारण तीन असतात. या रुग्णाचा उपचार योग्य दिशेनं चाललाय का? याला कामावर केव्हा आणि कोणत्या कामावर पाठवायचं? आणि आपल्या विभागात या दुखापतीचे रुग्ण एकूणात कसे बरे होतात? पहिल्या प्रश्नाला रुग्णानं स्वतः निवडलेल्या कामांचं माप लागतं. दुसऱ्याला कामाविषयीचे वेगळे प्रश्न लागतात. तिसऱ्यासाठी सगळ्यांना सारखाच विचारलेला, जगभर वापरला जाणारा फॉर्म हवा. एकाच फॉर्मकडून तिन्ही अपेक्षा ठेवल्या की तो तिन्हीकडे अर्धवट पडतो.

म्हणून ओपीडीसाठी माझा साधा नियम आहे : एक प्रमाणित फॉर्म आणि सोबत एक रुग्णाच्या पसंतीच्या कामांचा. दोनच. पाच फॉर्म दिले तर तिसऱ्यापासून रुग्ण एकाच रांगेत बरोबरच्या खुणा करत जातो.

फॉर्मशी ओळख

सगळ्यांत प्रसिद्ध डॅश. अमेरिकेतली ऑर्थोपेडिक सर्जनांची अकादमी आणि टोरांटोची 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ' यांनी मिळून तो केला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. खांदा, दंड, कोपर, हात असा अख्खा हात त्यात एकच अवयव धरला आहे. ३० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, संदर्भ गेल्या आठवड्याचा. शिवाय काम आणि खेळ-वादन यांचे प्रत्येकी ४ प्रश्नांचे दोन ऐच्छिक भाग आहेत. तबलजी, सतारवादक किंवा क्रिकेटपटू समोर असेल तर दुसरा भाग विसरू नका. २००५ मध्ये त्याची ११ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली, ती क्विकडॅश. गर्दीच्या ओपीडीत तीच चालते.

मनगटासाठी पीआरडब्ल्यूई. १५ प्रश्न : ५ वेदनेचे, १० कामांचे, प्रत्येक ० ते १० वर. मनगटाच्या हाडमोडीत हा डॅशपेक्षा जास्त नेमका आहे, कारण खांद्याचे प्रश्न मध्ये येऊन आकडा पातळ करत नाहीत. हातासाठी त्याचीच किंचित बदललेली आवृत्ती मिळते.

मिशिगन विद्यापीठात १९९८ च्या सुमारास तयार झालेल्या मिशिगन प्रश्नावलीत ३७ प्रश्न आहेत, म्हणून ती लांबते. पण दोन गोष्टी तिच्यात आहेत ज्या इतरांत सहसा मिळत नाहीत : उजव्या आणि डाव्या हाताचे प्रश्न वेगळे, आणि हात दिसतो कसा याचा स्वतंत्र विभाग. भाजल्यानंतरचे व्रण, संधिवातानं वाकडी झालेली बोटं, जन्मजात व्यंग, कापलं गेलेलं बोट या रुग्णांत दिसण्याचा प्रश्न छोटा नसतो. लग्नकार्यात हात पदराखाली लपवणारी मुलगी 'काम होतं का?' या प्रश्नाला खुशाल 'होतं' म्हणेल. वेळ नसेल तर या प्रश्नावलीची १२ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्तीही आहे.

कार्पल टनेलसाठी, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याच्या आजारासाठी, बोस्टन प्रश्नावली, १९९३ ची. लक्षणांचे ११ आणि कामाचे ८ प्रश्न. रात्री मुंग्या येऊन किती वेळा जाग येते, हे ती थेट विचारते. या आजारात तेच सगळ्यांत महत्त्वाचं.

आणि रुग्णाच्या पसंतीच्या कामांसाठी पीएसएफएस. १९९५ चा हा फॉर्म कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यावरही भरता येतो. रुग्णाला विचारायचं, "या दुखण्यामुळे कोणती कामं करता येत नाहीत किंवा जड जातात?" तीन ते पाच कामं लिहायची. प्रत्येकाला ० ते १० गुण : ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे दुखण्याआधी जमायचं तसं. ऑक्युपेशनल थेरपिस्टना परिचित असलेला कॅनडाचा सीओपीएम याच घराण्यातला. तो जास्त खोलात जातो, कारण काम किती महत्त्वाचं आहे आणि ते जसं होतंय त्यावर माणूस किती समाधानी आहे, हेही विचारतो; पण नीट मुलाखत घ्यायला वेळ लागतो. आपल्याकडे १९५० मध्ये कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, तेव्हापासून 'हा माणूस दिवसभर काय करतो?' हा या व्यवसायाचा पहिला प्रश्न आहे. पीएसएफएस आणि सीओपीएम त्याच प्रश्नाला आकडा जोडतात.

भाषा आणि परवानगी

इथे आपल्याकडे सर्रास घोटाळा होतो. इंग्रजी फॉर्म समोर ठेवून थेरपिस्ट जाता जाता मराठीत विचारतो. आज एक शब्द, उद्या दुसरा. सकाळच्या पाळीत एक थेरपिस्ट, दुपारी दुसरा. मग महिन्यानंतरच्या आकड्यात रुग्ण किती बदलला आणि प्रश्न किती बदलला, हे कळायला मार्ग राहत नाही.

डॅशची मंजूर भाषांतरं त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. मूळ संस्थेचीच प्रत वापरा. प्रश्न गाळणं, क्रम बदलणं, स्वतःचे घालणं चालत नाही. मिशिगनसाठी विद्यापीठाची परवानगी लागते. विभागात नवं भाषांतर करायची हौस असेल तर त्याची ठरलेली वाट आहे : दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत भाषांतर करायचं, त्यातला एक वैद्यकीय विषयाशी अनभिज्ञ असावा, दोन्हींचा मेळ घालायचा, मूळ फॉर्म न पाहिलेल्या दोघांनी ते परत इंग्रजीत न्यायचं, समितीनं सगळं तपासायचं, मग ३० ते ४० रुग्णांवर करून बघायचं, कुठला प्रश्न कळला, कुठला नाही. त्यानंतर विश्वासार्हता तपासणं वेगळंच. हे काही महिन्यांचं काम आहे, शनिवारी दुपारी उरकायचं नाही.

मंजूर मराठी फॉर्म हाताशी नसेल तर पीएसएफएसनं सुरुवात करा. त्यात कामं रुग्णाच्याच तोंडची असतात, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न एका सूचनेपुरता उरतो.

भरून घेणं

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

फॉर्म तपासणीच्या आधी भरून घ्या. बोट वाकवून, मनगट दाबून झाल्यावर विचारलंत तर त्या दहा मिनिटांची वेदना आठवडाभराच्या उत्तरात मिसळते. शक्य असेल तर रुग्णानं स्वतःच भरावा. वाचता येत नसेल किंवा उजव्या हातालाच प्लास्टर असेल तर आपण वाचून दाखवायचा, पण मग दर वेळी तसाच. पहिल्यांदा स्वतः भरलेला आणि दुसऱ्यांदा आपण विचारलेला यांची तुलना सरळ होत नाही. समोरच्या थेरपिस्टला वाईट वाटू नये म्हणून लोक तोंडी उत्तर जरा गोड देतात. शक्य तिथे उपचार करणाऱ्यानं विचारू नये, दुसऱ्या सहकाऱ्यानं विचारावं.

नातेवाइकांना प्रेमानं बाहेर बसवा. "आईला काही जमत नाही हो," असं मुलगा सांगतो, आई गप्प. किंवा नवरा म्हणतो, "सगळं करते ती." दोन्ही उत्तरं नवऱ्याची आणि मुलाची आहेत.

न केलेल्या कामाचं काय? डॅश म्हणतो : गेल्या आठवड्यात ते काम करायची वेळच आली नसेल, तर केलं असतं तर कितपत जड गेलं असतं याचा अंदाज द्या. ही सूचना वाचून दाखवावी लागते, कारण आपले रुग्ण अशा वेळी प्रश्न सोडून देतात.

"मावशी, गेल्या आठवड्यात घट्ट झाकणाची बरणी उघडायला किती त्रास झाला?"

"मी कुठं उघडते? लोणचं सून काढते."

"काढायची वेळ आली असती तर? जमलं असतं?"

"तसं म्हणता होय! मग नसतं जमलं."

आता हे उत्तर '५', म्हणजे 'अजिबात जमत नाही', झालं. मध्येच आपण "म्हणजे खूप त्रास ना?" असं सुचवलं असतं तर उत्तर आपलं झालं असतं. प्रश्न पुन्हा वाचा, सूचना पुन्हा वाचा, पर्याय पुन्हा वाचा. समजावून सांगण्याची सीमा तिथेच.

आणखी एक सूचना तितकीच महत्त्वाची. डॅश विचारतो की काम जमतं का. कोणत्या हातानं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उजव्या हाताचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलेला माणूस तीन महिन्यांत डाव्या हातानं सगळं शिकतो आणि त्याचा गुण सुधारतो. दैनंदिन जगण्यासाठी ते खरंच आहे. पण दुखावलेल्या हाताची प्रगती म्हणून तो आकडा वापरला तर फसगत. अशा ठिकाणी 'दुखऱ्या हातानं' असं स्पष्ट विचारणारे पीआरडब्ल्यूईमधले प्रश्न किंवा मिशिगनचे वेगवेगळे हात उपयोगी पडतात.

डॅशचा २१ वा प्रश्न शरीरसंबंधांविषयी आहे. पडद्याआड नसलेल्या ओपीडीत तो मोठ्यानं वाचू नका. कागद रुग्णाच्या हातात द्या, नको असेल तर रिकामा सोडायची मुभा सांगा. तीनपर्यंत उत्तरं राहिली तरी गुण निघतो. मात्र ज्यांना तो भरायचा असतो त्यांच्यासाठी ही क्वचितच मिळणारी संधी असते, म्हणून तो छापील प्रतीतून खोडून टाकणं बरोबर नाही.

आपल्या काही रुग्णांना ० ते १० हा प्रकारच परका वाटतो. ते सरळ सांगतात, "आठ आणे फरक पडलाय." बोलताना हे मोजमाप उत्तमच, मी फाइलच्या कडेला ते तसंच लिहायला सांगते. पण आठ आणे म्हणजे पाच असं परस्पर ठरवून फॉर्ममध्ये भरू नका. पट्टी दाखवा, दोन टोकं समजवा आणि बोट ठेवायला सांगा.

गुण काढणं

क्विकडॅश : सगळ्या उत्तरांची बेरीज, भागिले दिलेल्या उत्तरांची संख्या, वजा १, गुणिले २५. समजा ११ उत्तरांची बेरीज ३६ आली. ३६ भागिले ११ म्हणजे ३.२७, त्यातून १ वजा, २.२७, गुणिले २५, म्हणजे ५६.८. एक उत्तर राहिलं तर १० नं भागायचं. दोन राहिली तर गुण काढायचा नाही, फॉर्म रुग्णासमोर पुन्हा ठेवायचा. मोठ्या डॅशचं सूत्र हेच, तिथे ३० पैकी किमान २७ उत्तरं हवीत. कामाच्या भागाची चारही उत्तरं हवीतच, आणि त्याचा गुण मुख्य गुणात मिसळायचा नाही.

पीआरडब्ल्यूई : वेदनेच्या ५ प्रश्नांची सरळ बेरीज, ५० पैकी. कामाच्या १० प्रश्नांची बेरीज करून निम्मी, म्हणजे तीही ५० पैकी. दोन्ही मिळून १०० पैकी. बोस्टनमध्ये प्रत्येक भागाची वेगळी, नुसती सरासरी. पीएसएफएसमध्येही सरासरी.

दिशेकडे लक्ष द्या. डॅश, पीआरडब्ल्यूई आणि बोस्टनमध्ये मोठा आकडा वाईट. पीएसएफएसमध्ये मोठा आकडा चांगला. मिशिगनमध्येही मोठा चांगला, पण तिथला वेदनेचा विभाग उलटा. प्रत्येक फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात बाणाची खूण छापून ठेवा; सर्जनला फोनवर आकडा सांगताना ती उपयोगी पडते.

केव्हा भरून घ्यायचा

पहिल्या भेटीत, मग साधारण चार-चार आठवड्यांनी, आणि शेवटच्या भेटीत. सर्जनची पुढची तारीख जवळ असेल तर त्याच्या आधी. पीएसएफएस दर एक-दोन आठवड्यांनी चालतो. डॅशचा संदर्भच आठवड्याचा आहे, त्यामुळे तो आठवड्यातून दोनदा भरणं निरर्थक.

पहिल्या आकड्याविषयी एक सावधगिरी. फ्लेक्सर टेंडन (बोट वाकवणारं टेंडन) जोडल्यावर पहिले काही आठवडे स्प्लिंट असतं आणि आपणच सांगितलेलं असतं की या हातानं काही उचलायचं नाही. तेव्हाचा क्विकडॅश ८० आला, तर तो हाताची अवस्था कमी आणि आपल्या सूचनांचं पालन जास्त दाखवतो. पुढे स्प्लिंट काढताच तो झपाट्यानं उतरतो आणि सगळे खूश होतात. ती सुधारणा स्प्लिंट निघण्याची आहे. खऱ्या तुलनेसाठी हात वापरायची मोकळीक दिल्यानंतरचा पहिला फॉर्म पायाभूत धरा. आधीचा नोंद म्हणून ठेवा.

हाडमोडीच्या पहिल्या आठवड्यात मात्र वेदनेचा प्रश्न जरूर विचारा. सरासरी वेदना १० पैकी ५ किंवा त्याहून जास्त असेल तर पुढे सीआरपीएस (दुखापतीच्या मानानं फार जास्त आणि लांबणारी वेदना, सोबत सूज, घाम, रंगबदल) होण्याचा धोका वाढतो, म्हणून अशा रुग्णाला पुढची तारीख लांबची देऊ नका.

कार्पल टनेलच्या ऑपरेशननंतर बोस्टनचे दोन भाग वेगवेगळ्या दिशेनं जातात. रात्रीच्या मुंग्या पटकन थांबतात, लक्षणांचा गुण उतरतो. पण तळहाताच्या बुडाशी टाक्यांच्या आजूबाजूची दुखरी जागा काही आठवडे कामाचा गुण चढवून ठेवते. रुग्णाला हे आधीच सांगितलं तर "ऑपरेशन फसलं" असं त्याला वाटत नाही.

आकडा बदलला म्हणजे माणूस बदलला का?

क्विकडॅश ५७ चा ५० झाला. सुधारणा? कदाचित नाही. काहीच न बदलता तोच माणूस दोनदा फॉर्म भरेल तेव्हाही आकडा थोडा हलतो. त्या हलण्यापलीकडचा बदल हवा, आणि तो रुग्णाला स्वतःला जाणवेल इतका हवा. २०१४ च्या एका बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या अभ्यासानं हा उंबरठा डॅशसाठी सुमारे ११ आणि क्विकडॅशसाठी सुमारे १६ गुण दिला. मनगटाच्या हाडमोडीत पीआरडब्ल्यूईसाठी ११.५, तर दुसऱ्या एका अभ्यासात १४ आला. पीएसएफएसच्या सरासरीत २, आणि एकट्या कामात ३. हे आकडे आजारानुसार आणि काढण्याच्या पद्धतीनुसार सरकतात, त्यामुळे दगडावरची रेघ समजू नका. पण ७ गुणांच्या फरकावर पेढे वाटू नका, एवढं ते नक्की सांगतात.

शून्यही ध्येय नव्हे. अमेरिकेतल्या सर्वसाधारण लोकसंख्येत डॅशची सरासरी १० च्या आसपास निघाली आहे. साठीतल्या बाईंचा दुखापतीआधीही तो शून्य नसणार.

खरी गंमत येते तेव्हा, जेव्हा तुमची मापनं आणि रुग्णाचा फॉर्म दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

हालचाल आणि ताकद चांगली, फॉर्म वाईट. आधी प्रश्न एकेक करून वाचा. झोप, मुंग्या आणि वेदना या तिघांवर ४-५ असेल तर मज्जातंतू बघा, सूज-घाम-रंग बघून सीआरपीएस बघा. ते नसेल तर माणसाकडे बघा. उदासी आणि 'हात हलवला की आतलं काहीतरी तुटेल' ही भीती डॅशचा गुण हालचालीच्या अंशांपेक्षाही जास्त चढवते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. याला 'नाटक' म्हणणारे आपल्या व्यवसायात आहेत, आणि त्यांच्यामुळे रुग्ण खरं बोलायचे थांबतात. अशा वेळी व्यायामाची पुनरावृत्ती वाढवून उपयोग नाही. मोडलेलं हाड आता कसं जुळलंय ते एक्स-रेवर दाखवा, भीतीच्या कामाला आपल्या समोर, छोट्या तुकड्यात हात घाला, गरज वाटल्यास समुपदेशकाकडे पाठवा.

नुकसानभरपाईचा किंवा ईएसआयसीचा दावा प्रलंबित असलेल्या कामगाराचा गुण बऱ्याचदा चढा राहतो. त्याला पुढच्या महिन्याच्या पगाराची धास्ती आहे. त्या धास्तीसकट तो हात घेऊन येतो. गुण नोंदवा, मत फाइलमध्ये लिहू नका.

उलट प्रकार : ताकद कमी, फॉर्म उत्तम. एकतर दुसऱ्या हातानं चाललंय, किंवा घरच्यांनी कामं उचललीत, किंवा रुग्णानं कामंच सोडून दिलीत. "शिवणकाम बंद केलं आता," असं सहज बोलून जातो तो. फॉर्मला ते कळत नाही, तुम्हाला कळलं पाहिजे.

भेटीत वापरणं : दोन उदाहरणं

समजा, वरच्या मावशी ५८ वर्षांच्या आहेत. प्लास्टर निघाल्यावर पहिला पीआरडब्ल्यूई : वेदना २६, कामांची बेरीज ६२, निम्मी ३१, एकूण ५७. पीएसएफएसमध्ये त्यांनी तीन कामं दिली : भाकरी थापणं २, कुकरचं झाकण लावणं १, धुणं पिळणं ३. सरासरी २. चार आठवड्यांनी पीआरडब्ल्यूई ३३ वर आला. वेदना १४, काम १९. २४ गुणांचा फरक, उंबरठ्याच्या दुप्पट. पीएसएफएस : भाकरी ६, झाकण २, धुणं ५. सरासरी ४.३. सगळं छान दिसतं. पण कामं वेगळी वाचली तर झाकण १ चं २ झालंय, म्हणजे जवळजवळ हललेलंच नाही. आणि धुण्यातला २ गुणांचा फरकही एकट्या कामासाठी अपुरा.

आता विचारायचं : "मावशी, झाकण आत बसणारं की बाहेरून फिरवायचं?" प्रश्न वरवर फालतू वाटतो, पण उपचार इथेच वळतो. आत बसणारं झाकण तिरकं करून भांड्यात घालावं लागतं, वर ओढून दांड्याला अडकवावं लागतं. त्यात हाताचं पालथं-उताणं होणं आणि बोटांची चिमूट लागते. बाहेरचं झाकण दोन्ही दांडे दाबून फिरवावं लागतं. तिथे मनगट अंगठ्याकडून करंगळीकडे वळताना जोर लागतो. मावशींचं बाहेरचं निघालं. पुढच्या भेटीला त्यांना रिकामा कुकर पिशवीत घालून आणायला सांगा. रबर काढून झाकण फिरवून बघा, दुखतं कुठे, जोर कुठे तुटतो. मग त्या कोनातच ताकदीचा व्यायाम, आधी रबराशिवाय, मग रबरासह. हाताळण्याचं तंत्रही बदला : कुकर ओट्याऐवजी खालच्या पाटावर ठेवला की वरून वजन देता येतं. यातलं काहीही ५७ आणि ३३ या आकड्यांवरून सुचलं नसतं.

दुसरं : समजा, चाकणच्या औद्योगिक वसाहतीतला प्रेस मशिनवरचा तरुण, दोन बोटांची फ्लेक्सर टेंडन जोडलेली. बाराव्या आठवड्यात क्विकडॅशची बेरीज ३६, गुण ५६.८. सोळाव्यात बेरीज २७, गुण ३६.४. २० गुणांची सुधारणा. पण कामाच्या भागाची बेरीज १७ ची १६ झाली, म्हणजे ८१ वरून ७५. घरचं सगळं जमतंय, कामावरचं नाही. त्याला विचारा, "दादा, पाळीत नेमकं काय उचलता, किती वेळा, कशाचं वजन?" मोबाइलवर मशिनचा व्हिडिओ मागवता आला तर फारच चांगलं, कंपनीची परवानगी असेल तर. त्याच मापाचा पत्रा, तेवढ्याच वेळा, ओपीडीत उचलून बघायचा. आणि त्यावरून सर्जनच्या सल्ल्यानं 'सहा आठवडे हलकं काम' असं नेमकं पत्र. नुसतं 'फिट' किंवा 'अनफिट' लिहिण्यापेक्षा त्याची नोकरी टिकायला ते जास्त उपयोगी.

दोन्ही ठिकाणी आकडा रुग्णाला दाखवा. कागदावर दोन ठिपके काढून रेघ मारली तरी पुरे. "पहिल्या दिवशी तुम्ही भाकरीला दोन गुण दिले होते, आज सहा." लोक आधीची अवस्था विसरतात; त्यांना वाटतं, काहीच फरक नाही. स्वतःच्याच हातानं केलेली खूण दिसली की ते तुमच्यापेक्षा स्वतःवर जास्त विश्वास ठेवतात. काही वेळा उलटंही घडतं : हात सुधारला की अपेक्षा वाढते आणि गुण पुन्हा घसरतो. त्याची दखल घ्या. बहुतेकदा पीएसएफएसमध्ये नवं काम जोडायची ती वेळ असते. जुनी कामं पुसू नका, त्यांच्याखाली लिहा.

सर्जनला काय लिहायचं

चार ओळी पुरतात. कोणता फॉर्म आणि कोणती तारीख; आधीचा आणि आताचा गुण; बदल उंबरठ्याच्या वर आहे की खाली; आणि कोणतं एक काम अडलंय. उदाहरणार्थ : "पीआरडब्ल्यूई चार आठवड्यांत ५७ वरून ३३, अर्थपूर्ण सुधारणा. कुकरचं झाकण अजून लागत नाही, करंगळीच्या बाजूला दुखतं. त्या बाजूच्या सांध्याची तपासणी व्हावी." सर्जन गुण विसरतील, 'करंगळीच्या बाजूला' विसरणार नाहीत.

विभागात सुरुवात

सगळ्या रुग्णांना एकदम लावू नका. एक दुखापत निवडा. मनगटाची हाडमोड सोयीची, कारण ती भरपूर येते आणि फॉर्म छोटा आहे. तीन महिने फक्त तिलाच. फॉर्म कोण देणार, गुण कोण काढणार आणि भेटीत तो कोण पाहणार, ही नावं ठरवा; तिसरं नाव नसेल तर पहिल्या दोघांचं काम वाया जातं. गुण काढायला एक साधी एक्सेल शीट पुरते, पण ती पहिल्यांदा हातानं केलेल्या पाच फॉर्मशी ताडून पाहा, कारण चुकीच्या सूत्रातून निघालेला आकडाही तितकाच नीटनेटका दिसतो. व्हॉट्सअॅपवर फॉर्म पाठवत असाल तर मंजूर आवृत्ती तशी वापरायची परवानगी आहे का ते बघा, रुग्णाची संमती घ्या, आणि थेरपिस्टांच्या ग्रुपवर नावासकट फोटो टाकायची सवय आजच मोडा.

नव्यानं रुजू झालेल्या थेरपिस्टला पहिल्याच आठवड्यात कमी वापराच्या हाताला स्प्लिंट बांधून दिवसभर काम करायला लावा आणि संध्याकाळी क्विकडॅश भरायला द्या. पाठ धुण्याच्या प्रश्नाशी तो अडखळेल, अंदाज द्यायचा की सोडून द्यायचं असं विचारेल. मग त्याला सूचना वाचायला सांगा.